मायबाप, जरा वेगळं विचारा

आमच्या उपनगरातल्या व्याख्यानमालेत चिठ्ठ्या निवडायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. प्रकट मुलाखत असली की मध्यंतरात प्रेक्षकांकडून प्रश्न मागवायचे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गोळा करायचे आणि पाहुण्यांचा चहा होईपर्यंत त्यातले आठ-दहा निवडून निवेदकाच्या हातात द्यायचे. काही वर्षांपूर्वी एक गायक-नट आले होते. अर्धं आयुष्य संगीत नाटकात घालवलेले आणि पुढे मालिकांमुळे घराघरांत पोचलेले. नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

त्या दिवशी पहिल्या भागात त्यांनी ऑर्गन-तबल्याच्या साथीनं दोन पदं म्हटली होती. डबा उघडला तर नेहमीचंच निघालं. पाठांतर कसं करता? रंगमंचावर झालेली फजिती सांगा. लग्न ठरवून की प्रेमाचं? मुलगा याच क्षेत्रात येणार का? आवाजासाठी दही वर्ज्य करता का? एका चिठ्ठीत तर प्रश्नच नव्हता, सोसायटीच्या गणपतीचं आमंत्रण आणि खाली फोन नंबर. आणि एक चिठ्ठी विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर, म्हाताऱ्या हातानं लिहिलेली: ‘पूर्वी हेच पद आपण काळी दोनमध्ये म्हणत होता. आज ऑर्गनवर काळी एक ऐकू आली. पट्टी कधी उतरवली आणि का?’

पट्टी म्हणजे गायक ज्या मूळ सुरावर गातो तो; काळी एक ही काळी दोनपेक्षा एक स्वर खालची. मी ती चिठ्ठी सगळ्यांत वर ठेवली. कार्यवाहांनी गठ्ठा चाळला आणि ती काढून बाजूला सारली. म्हणाले, ‘अहो ताई, पाहुण्यांना अपमान वाटेल.’ तिच्या जागी लग्नाची चिठ्ठी गेली. उत्तर छान झालं, हशा-टाळ्या झाल्या. मी ते उत्तर, त्याच जागी तोच पॉज घेऊन, आधी टीव्हीवर ऐकलं होतं.

परक्या माणसाला पाचशे लोकांसमोर त्याच्या लग्नाबद्दल विचारणं आपल्याला अपमानाचं वाटत नाही. ज्या गळ्यावर तो जगतो, ज्याच्यासाठी आपण तिकीट काढलं, त्या गळ्याबद्दल नेमकं विचारणं मात्र उद्धटपणाचं वाटतं. चाहत्यांनी कलावंताच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसू नये, असं सुसंस्कृत मंडळी नेहमी म्हणतात. माझी तक्रार त्याहून वेगळी आहे. खाजगी काय आणि जाहीर काय, याची रेघच आपण उलटी मारून ठेवली आहे. पैसा, श्रम, शरीर, म्हणजे कामाचा सगळा ऐवज आपण खाजगी ठरवलाय आणि घर, लग्न, वय जाहीर.

याचं मूळ एका लाडक्या शब्दात आहे असं मला वाटतं. मायबाप. बालगंधर्व प्रेक्षकांना ‘अन्नदाते मायबाप’ म्हणत, आणि मनापासून म्हणत. पुढे तो शब्द प्रत्येक सूत्रसंचालकाच्या तोंडी बसला. पण मायबाप म्हटलं की नातं ठरतं आणि नात्याबरोबर प्रश्नही ठरतात. आईबाप काय विचारतात? लग्न कधी, जेवतोस का, नातवंडं काय म्हणतात. आणि पोरगं आईबापांपासून काय लपवतं? कर्ज किती झालं, तब्येत कुठे बिघडली, नोकरीत काय बिनसलं. नट आणि प्रेक्षक यांच्यात गेली शंभर वर्षं नेमका हाच संवाद चाललाय.

बालगंधर्वांच्याच चरित्रात त्याची किंमत दिसते. १२ मार्च १९११. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘मानापमान’चा मुंबईत पहिला प्रयोग, नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, नायिका भामिनीच्या भूमिकेत. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलायची तयारी असूनही त्यांनीच नको म्हटलं असं सांगतात, आणि ते रंगमंचावर उभे राहिले. ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मीही सांगितली आहे. तेवीस वर्षांचा बाप होता तो, तेवीसही पुरती भरली नव्हती. त्या निष्ठेपुढे हात जोडायलाच हवेत. पण एकशे दहाहून जास्त वर्षं ही गोष्ट फक्त हात जोडूनच सांगितली गेली, याचा एक परिणाम झाला. सुट्टी मागणं म्हणजे रंगभूमीशी बेइमानी, हे तिच्यातून पिढ्यान्‌पिढ्या नटांच्या अंगात मुरलं. अंगात ताप असताना, बापाला अग्नी देऊन, सलाइनची सुई काढून प्रयोगाला उभे राहिलेले नट आपण कौतुकानं मोजतो. बदली नट का नव्हता, प्रयोग रद्द झाला असता तर नुकसान कुणाच्या अंगावर आलं असतं, हे त्या कौतुकात कुणी विचारत नाही. ते विचारलं तर गोष्टीचा रंग उतरतो ना.

पुढे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ आली. भरजरी शालू, खरे गालिचे, प्रेक्षागृहात दरवळणारी अत्तरं. प्रेक्षक या थाटावर लुब्ध होते आणि आठवणी लिहिणाऱ्यांनी तो थाट पानंच्या पानं वर्णिला. याचे पैसे कुठून येतात, हे त्या आठवणींत क्वचित येतं. कंपनी कर्जात बुडाली, वर आली, पुन्हा गाळात गेली. मायबापांनी विचारलं काय? वन्स मोअर. म्हणजे परत म्हणाल का! रसिकाला जाहीरपणे विचारता येणारा तो एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कधी ‘नाही’ असं येत नसे.

नाही म्हणायला आणखी एक विषय मायबापांनी हिरिरीनं धरला. गौहरबाई. गायिका-नटी गौहर कर्नाटकी बालगंधर्वांच्या आयुष्यात आणि कंपनीत आल्या त्यावरून जो गहजब झाला, तो त्यांच्या कर्जांवरून कधी झाला नव्हता. आयुष्यभर ज्यांच्या हिशेबाच्या वहीत कुणी डोकावलं नाही, त्यांच्या घरात मात्र सगळ्यांनी डोकावून घेतलं. उतारवयात बालगंधर्वांचे पाय गेले, तेव्हा गावोगावी बसून भजनं म्हणून चरितार्थ चालवावा लागला. त्या काळात हळहळणारे पुष्कळ होते. हळहळ सोपी असते, ती उशिरा आली तरी चालते.

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं. आता कलावंत रोज इन्स्टाग्रामवर येतात, प्रश्नांची पेटी उघडतात, काय हवं ते विचारा म्हणतात. खरं आहे. पण ती पेटी बहुतेक वेळा सिनेमा किंवा नाटक लागायच्या आठवड्यात उघडते, आणि तिच्यातून निवडलेले प्रश्न आमच्या बिस्किटांच्या डब्यातलेच असतात. आवडता पदार्थ, आवडतं ठिकाण, सहकलाकाराबद्दल एक शब्द. माझ्या ओळखीची एक मुलगी एका नटीचं खातं सांभाळते. तिला विचारलं, तर म्हणाली, ‘मावशी, प्रश्न खूप चांगले येतात गं. पण पंधरा सेकंदांत बसत नाहीत.’ यात कलावंतांचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. ‘प्रेक्षकांचं प्रेम हाच खरा पुरस्कार’ हे वाक्य ज्यांनी प्रथम म्हटलं त्यांना ते खरंच वाटत असेल. आता ते दारावरच्या तोरणासारखं झालंय, आत कुणी राहत असो वा नसो.

नटाचे आणि गायकाचे काही अनुभव वेगळे असतात, पण दोन्ही एकाच शरीरातून करणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं दुप्पट असतं. प्रशांत दामल्यांचा १२,५००वा प्रयोग ६ नोव्हेंबर २०२२ रोजी षण्मुखानंद सभागृहात झाला. आकडा ऐकून आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. जरा हिशेब करून बघा. एकही सुट्टी न घेता रोज एक प्रयोग धरला तरी ३४ वर्षं होतात. त्यातले कितीतरी गाण्याचे. शनिवार-रविवारी दोन-दोन, मध्ये बसचा प्रवास, अवेळी जेवण. मला त्यांच्याकडून ऐकायचंय ते हे: दुपारच्या प्रयोगात गाऊन झाल्यावर रात्रीच्या प्रयोगासाठी गळा कसा राखायचा? विनोदी वाक्यावर हशा रेंगाळला की पुढच्या गाण्याची लय सांभाळायची की हशा? याची उत्तरं कुठल्या पुस्तकात नाहीत, ती माणसांत आहेत, आणि माणसांबरोबर जातात.

गायक-नट वसंतराव देशपांड्यांचं घ्या. दोन दशकांहून अधिक काळ मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकुनी. मध्ये पार नेफापर्यंत, म्हणजे आजच्या अरुणाचलात, बदली. नोकरी सुटून पूर्ण वेळ गाण्याला लागले तेव्हा चाळिशी उलटली होती. १९६७च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ आलं आणि त्यांनी उभे केलेले खाँसाहेब आफताब हुसेन महाराष्ट्राला दिसले. आपण म्हणतो, उपेक्षा झाली हो बिचाऱ्यांची. पण फायली लिहून आल्यावर संध्याकाळी तंबोरा लावणाऱ्या माणसाचा रियाज कसा असतो, हा फार मोठा प्रश्न आहे आणि तो आजही हजारो मुलामुलींचा आहे. बँकेत, आयटीत नोकरी करून गाणाऱ्या, रविवारी एकांकिकेची तालीम करणाऱ्या. त्यांना ‘संघर्ष’ नावाचं धुकं नको असतं. किती वाजता उठायचं, कुठे गायचं, शेजारचे ओरडले तर काय, एवढं कुणी सांगितलं तरी पुरे.

आणि ‘कट्यार’चा विषय तरी काय आहे? विद्या कोंडून ठेवणं. खाँसाहेब शिकवायला तयार नाहीत म्हणून सदाशिव नावाचा तरुण त्यांच्या घरी नोकर बनून राहतो, कान देऊन चोरून शिकतो. पुरुषोत्तम दारव्हेकरांनी ते नाटक घराण्यांच्या अहंकारावर लिहिलं असं मानतात. मला त्यात विचारायला बंदी असलेल्या घराचं नाटकही दिसतं. प्रश्न विचारायची सोय असती तर त्या पोराला भांडी घासावी लागली नसती. आज आपण खाँसाहेबांवर चिडतो आणि घरी येऊन पाहुण्यांना दह्याबद्दल विचारतो.

पैशाचा प्रश्न हा सगळ्यांत अवघड. किशोरकुमारचे किस्से आठवा. नट आणि गायक, दोन्ही अव्वल. पूर्ण पैसे मिळाले नाहीत म्हणून अर्ध्याच चेहऱ्याला मेकअप करून सेटवर गेला, अशी एक दंतकथा सांगतात. खरी असो-नसो, आपण ती विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून हसत हसत सांगतो. ठरलेले पैसे कामाआधी मागणारा सुतार विक्षिप्त ठरत नाही. नट ठरतो, कारण नटानं पैशासाठी काम करू नये अशी आपली आतून समजूत आहे. मुलाखतकारांनी फार छळलं की किशोरकुमार झाडांशी गप्पा मारतो वगैरे सांगून मोकळा व्हायचा. मला ते उत्तर आवडतं. चुकीच्या प्रश्नाला थाप मारायचा हक्क कलावंताला असावा, या मताची मी आहे.

नाटकाच्या धंद्यात ‘नाईट’ असा शब्द आहे. प्रयोगामागे मिळणारे पैसे म्हणजे नाईट. नटाला नाईट, ऑर्गनवाल्याला नाईट, पडदा ओढणाऱ्याला, कपडेपटाला नाईट. प्रयोग नाही तर नाईट नाही. मार्च २०२०मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मधले काही महिने वगळता ती २२ ऑक्टोबर २०२१पर्यंत बंदच होती. तेव्हा ‘रंगमंच कामगारांना मदत करा’ अशी आवाहनं आली आणि पुष्कळ चांगल्या माणसांना पहिल्यांदा कळलं की या लोकांना महिन्याचा पगार नसतो. वर्षानुवर्षं तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या, नाटकावर प्रेम करणाऱ्या माणसांना! कारण कुठल्याच मुलाखतीत ते कुणी विचारलं नव्हतं आणि कुठल्याच नटानं आपण होऊन सांगितलं नव्हतं. माझ्या मते तो नटांचाही दोष. आपली नाईट सांगू नका हवं तर, पण नाईट कशी ठरते, किती थकते, तबलजीला किती, हे सांगायला हरकत नव्हती.

बायकांच्या बाबतीत तर डबा उघडायचीही गरज नसते. घर आणि करिअर कसं सांभाळता, हा प्रश्न आलेलाच असतो, बहुधा तीन-चार हस्ताक्षरांत. १९३३मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या तेव्हा घरंदाज बाईनं रंगमंचावर यावं का, यावर खल चालत असे. आता कुणी असं विचारत नाही, स्वयंपाक येतो का एवढंच विचारतात. तालमीच्या हॉलवर बायकांसाठी धड संडास असतो का, हा प्रश्न आजवर माझ्या डब्यात पडलेला नाही. तो मीच टाकायला हवा होता, हे खरं.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो. नाटकवाले म्हणतात, सगळं उघड केलं तर जादू राहणार नाही. रंगपटात जाऊन खोबरेल तेलानं अर्धा रंग पुसलेला राजा बघितला की पुढच्या वेळी तो राजा वाटत नाही. असेल. पण माझा अनुभव उलटा आहे, आणि इथे त्या विजेच्या बिलाकडे परत यावं लागेल.

कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांना स्टेशनला सोडायला मीच जाणार होते. मंडपामागच्या खोलीत ते शाल-श्रीफळ पिशवीत भरत होते. मी धीर करून ती चिठ्ठी पुढे केली. त्यांनी चष्मा लावून वाचली, पुन्हा वाचली आणि खुर्ची ओढून बसले. म्हणाले, ‘हे आधी का नाही दिलंत?’

मग वीस मिनिटं बोलले. पन्नाशीनंतर वरचा पंचम लागत होता, पण टिकत नव्हता. दोन वर्षं त्यांनी तो ढकलत नेला. टाळ्या पडतच होत्या, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. एक दिवस तालमीत ऑर्गनवाल्यानं त्यांना न सांगता अर्धा स्वर खाली सूर धरला. ‘मला वाटलं, आज गळा काय मोकळा आहे! पद संपल्यावर त्याच्याकडे बघितलं, तर तो खाली मान घालून भाता मारतोय.’ चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत म्हणे. पुढच्या वर्षी आणखी अर्धा स्वर उतरवला, तो मात्र स्वतःहून. मग अडचण आली नायिकेची. द्वंद्वगीतात हे खाली आले की तिची ओळ पार खर्जात जायची. तिच्यासाठी दोन जागा बदलाव्या लागल्या. तबला काळी दोनचा होता, तो ओढूनताणून उतरवला तर बद्द वाजायला लागला. तबलजीनं स्वतःच्या पैशानं काळी एकचा दुसरा आणला. ‘त्याचे पैसे मी दिले का, ते आठवत नाही,’ असं म्हणून ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘दिले नसावेत.’

त्यानंतर मी त्यांचा प्रयोग दोनदा पाहिला. त्या पदाला पूर्वी मी टाळी द्यायचे. आता आधीच्या सुरावर ऑर्गनवाला हात ठेवतो तेव्हापासूनच माझा जीव त्यात अडकलेला असतो. जादूबिदू काही कमी झाली नाही. चिठ्ठी लिहिणारे आजोबा मात्र प्रश्न वाचला गेला नाही म्हणून भैरवीच्या आधीच उठून गेले होते. चिठ्ठीवर नाव नव्हतं. बिल फाडताना ग्राहकाच्या नावाचा भाग त्यांनी नीट काढून टाकला होता.

परवाच्या मोसमात मी निवेदकाकडून घोषणेत एक वाक्य घालून घेतलं: लग्न, वय आणि खाणं सोडून, कामाबद्दल काहीही विचारा. कार्यवाह नाराज होते, चिठ्ठ्याच येणार नाहीत म्हणाले. कमी आल्या हे खरं. पाहुणे दुसरे होते, तेही गाणारे नट. एक चिठ्ठी कॉलेजातल्या मुलीची होती: ‘तुमच्या नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्यकाराचं, प्रकाशयोजनाकाराचं नाव असतं. ऑर्गनवादकाचंही असतं. तबलावादकाचं का नसतं?’ पाहुण्यांनी विंगेकडे बघितलं, जरा हसले, म्हणाले, निर्मात्यांना विचारतो. सभागृहात कुणी टाळी दिली नाही.

पुढच्या रविवारची जाहिरात मी मुद्दाम बघितली. नाव नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी होतं, ऑर्गनवादकाच्या खाली, बारीक टायपात.